शोधकाच्या रकान्यात

देशात बौद्धिक संपदेचा नवा कायदा आला, तेव्हा त्या चार मजली इमारतीत कुणाच्याही घरातलं दूध त्यामुळे उतू गेलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पेपर उघडला, पाणी कधी येणार ते वाचलं आणि पेपर मिटला. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांची सारी हयात घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं मिटू न देण्यात गेली होती. ते "आता पेटंटवाल्यांची चंगळ" एवढं म्हणाले आणि दाढी करायला गेले. एकट्या शोधकाकांनी ती बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि समोरचा चहा गार होऊ दिला. काका विमा कार्यालयातून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि चहा गार होऊ देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शोधकाका हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ऐन तरुणपणी काकांच्या नावावर सरकारदरबारी एक पेटंट नोंदलं गेलं होतं, गळक्या नळाच्या वॉशरचं. साधा वॉशर पाण्याशी झगडतो आणि शेवटी झिजून हरतो. या वॉशरला आतल्या बाजूने एक तिरकी कड होती. पाण्याने जितका जोर करावा तितकी ती कड घट्ट बसायची. म्हणजे पाणी अडवायला पाण्यालाच कामाला लावलेलं. एका छोट्या कारखान्याने ते वॉशर काही वर्षं काढले, मग नवीन पद्धतीचे नळ आले आणि वॉशरची गरजच संपली. पेटंटची मुदतही केव्हाच उलटून गेली. त्यातून जे काही हाती लागलं त्याचा स्वयंपाकघरातला ओटा झाला, आणि काकांना नाव मिळालं.

असा शोध ज्यांच्या नावावर होता, त्या काकांना जन्मात एकदाही स्क्रू सरळ पिळता आला नव्हता. त्यांनी खिळा ठोकायला हातोडी घेतली की घरातली माणसं दुसऱ्या खोलीत जात. इमारतीत कुणाचा नळ गळू लागला की हमखास काकांना बोलावणं येई, आणि काका मोरीत उभे राहून, हात पाठीमागे बांधून, नळाकडे बराच वेळ बघत. मग म्हणत, "मी तत्त्वाचा माणूस. पाना फिरवणं हे वेगळं शास्त्र आहे." लोकांना हे फार आवडे. थोर माणसं अशीच असतात, असं लोक एकमेकांना सांगत आणि प्लंबरला फोन करत.

खरी गोष्ट अशी होती, की तो वॉशर काकूंनी केला होता.

काकू तेव्हा पंपाच्या एका मोठ्या कारखान्यात ट्रेसर होत्या. साहेब लोक पेन्सिलीने नकाशे काढत आणि काकू ते पारदर्शक कागदावर शाईने उतरवत. त्यांची रेघ अशी सरळ, की साहेब लोक स्वतःच्या चुका त्यांच्या नकाशात शोधत. घरातला नळ रात्रभर टपटपायचा, काकांना झोप लागत नसे, आणि झोप लागत नाही हे काका दर थोड्या वेळाने काकूंना उठवून सांगत. एका रविवारी काकूंनी फुटलेली गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली, कात्री घेतली, आणि संध्याकाळपर्यंत तो नळ बंद झाला तो झालाच.

पण कारखान्याच्या नेमणुकीच्या अटींमध्ये एक अट होती. कर्मचाऱ्याने नोकरीत असताना, कामावर किंवा घरी, दिवसा किंवा रात्री, जे काही शोधून काढलं ते कारखान्याचं. तेव्हाचा कायदाही कारखान्याच्याच बाजूने होता. काकांच्या विमा कार्यालयाची अशी काही अट नव्हती. विम्याचा कारकून काही शोधून काढेल अशी भीती कार्यालयाला वाटलीच नव्हती. तेव्हा दोघांनी ठरवलं आणि शोधकाच्या रकान्यात काकांचं नाव घातलं.

मग त्यांना धास्ती बसली. कारखान्याचा माणूस चौकशीला आला तर? काकूंची नोकरी जाईल, वर खटला होईल. म्हणून स्वयंपाकघरात रोज तालीम सुरू झाली. काका चौकशी अधिकारी व्हायचे. टेबलापलीकडे बसून, आवाज घोगरा करून विचारायचे, "बाई, हा वॉशर कुणी केला?" आणि काकूंनी सांगायचं, "हे सगळं यांचं. मला त्यातलं काही कळत नाही." मग काका आवाज मऊ करायचे. "घाबरू नका. खरं सांगितलंत तर काही होणार नाही." काकूंनी पुन्हा तेच सांगायचं. "गोड बोलतील," काका बजावत. "तिथेच माणूस फसतो. कितीदाही विचारलं तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही." काकू हसत, पण पाठ करत. कारखान्याचा माणूस काही कधी आला नाही. वाक्य मात्र राहिलं. पाहुण्यारावळ्यांत, लग्नाकार्यात, कुणी वॉशरचा विषय काढला की काकू कौतुकाने काकांकडे बघून म्हणत, हे सगळं यांचं. काका लाजत, आणि लोकांना वाटे, काय जोडा आहे.

काकूंचं विसरणं गेल्या वर्षी सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग मुलगी सासरी गेली ही गोष्ट. संध्याकाळी त्या तिचंही पान वाढून ठेवत आणि वाट बघत बसत. डॉक्टर म्हणाले, यातून मागे येता येत नाही, रमतगमत पुढेच जायचं. काकांनी डॉक्टरांचे आभार मानले आणि जिन्यात बसून रडले. त्यांना एकच वाटत होतं. हिचं सगळं हिच्या हातून सुटत चाललंय. निदान जी गोष्ट हिची आहे ती हिच्या नावावर लागावी, आणि तो कागद हिला वाचून दाखवता यावा, कळतंय तोवर.

आणि अशात हा नवा कायदा आला. त्याच्या शेवटी 'संक्रमणकालीन तरतुदी' नावाचं एक प्रकरण होतं. कायद्याच्या पुस्तकातली ही जागा घरातल्या माळ्यासारखी असते; जे कुठेच बसत नाही ते तिथे ठेवतात. तिथे लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने घरच्या वेळात, घरच्या सामानातून केलेला शोध आता त्याचाच. आणि जुन्या कायद्याखाली शोधक म्हणून भलत्याचंच नाव लागलं असेल, तर पेटंट संपलेलं असलं तरी, वर्षअखेरपर्यंत अर्ज करून ते दुरुस्त करता येईल. काकांना हे कलम आपल्या घरात कुणीतरी बसून लिहिल्यासारखं वाटलं.

मुलीला त्यांनी फोनवर सांगितलं.

"बाबा, त्याचा आता काय उपयोग?"

"उपयोग काही नाही."

"मग एवढी धावपळ?"

"तिचं आहे म्हणून."

"आईला कळणार आहे का पण?"

"सकाळच्या वेळी कळतं," काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

खरेपणाची सुरुवात घरापासून करावी म्हणून काकांनी सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढला. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत, जिन्यातल्या दिव्यानंतर आणि गच्चीच्या कुलपाआधी, काका उभे राहिले आणि म्हणाले, "तो वॉशर मी केलेला नाही. हिने केला." मग टाळ्या पडल्या. सेक्रेटरी उठून उभे राहिले. एवढं मोठं मन आजच्या काळात बघायला मिळत नाही, बायको आजारी आहे म्हणून माणसाने आपली आयुष्याची कमाई तिच्या नावावर करावी, वगैरे ते बोलले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दिव्याच्या विषयावर पुन्हा बोलू लागला. काका "अहो, तसं नाही" म्हणत राहिले, आणि जितके म्हणाले तितका त्यांचा विनय इमारतीत गाजला.

विनयाची लाट ओसरल्यावर दुसरी लाट आली. काका परत परत तेच सांगतायत म्हटल्यावर लोकांनी आवाज खाली आणला. काकूंचं होतंच, आता काकांचंही सुरू झालं वाटतं. वहिनी शब्दकोड्यांचं एक पुस्तक देऊन गेल्या. दोघांनी मिळून सोडवा, मेंदूला बरं असतं म्हणाल्या. काका फार दुखावले. विमा कार्यालयात त्यांच्या स्मरणशक्तीचा दाखला देत असत. पण पुस्तक परत करणं बरं दिसलं नसतं. काकूंनी एका सकाळी शब्द भरायचे सोडून त्यातल्या चौकटी पट्टी न लावता सरळ रेघांनी वाढवून ठेवल्या, आणि वहिनींना ते दाखवायची काकांना चोरी झाली.

सल्ल्यासाठी काका वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"त्या वेळी तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सही केली होतीत?"

"केली होती."

"शोधक मीच, असं?"

"हो."

"म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. हे कुणाला सांगू नका."

"सांगायलाच तर चाललोय."

वकीलसाहेबांनी डोळे उघडले. असा अशील त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी काकांना तुरुंगवासाची थोडी कल्पना दिली. काका म्हणाले, जायला हरकत नाही, पण हिला सकाळची गोळी कोण देणार? यावर वकीलसाहेबांकडे कलम नव्हतं.

पेटंटचं कार्यालयही तेव्हा जुन्यातून नव्यात चाललं होतं. दारावरची जुनी पाटी अर्धी काढली होती आणि नवी अर्धी बसवली होती, त्यामुळे दोन्ही मिळून काय वाचावं हे ठरत नव्हतं. आत दोन खिडक्या होत्या, डावीकडे जुना कायदा आणि उजवीकडे नवा. काकांचं काम जुन्या कायद्यातलं, नव्या कायद्याने दुरुस्त करायचं. डावीकडचा म्हणाला उजवीकडे जा, उजवीकडचा म्हणाला आधी डावीकडून या. काकांनी दोन्ही रांगांत इतक्या वेळा पाय ठेवला की मागची माणसं त्यांना तिथले शिपाई समजून फॉर्म कुठे मिळतो ते विचारू लागली. व्हरांड्यातला पिण्याच्या पाण्याचा नळ गळत होता आणि खाली बादली ठेवली होती. देशातल्या सगळ्या शोधांची नोंद जिथे होते तिथला हा नळ. काका त्याच्याकडे हात पाठीमागे बांधून बघत राहिले.

शेवटी उजवीकडच्या कारकुनाला दया आली.

"चूक कशी झाली, काका?"

"चूक नाही झाली. आम्ही मुद्दाम केलं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हे कलम चुकीसाठी आहे. मुद्दाम केलेल्याला लागत नाही. इथे लिहिलंय बघा, सद्भावनेने झालेली चूक."

"पण खरं तर मुद्दामच..."

"खरं तुम्ही घरी सांगा. इथे चूक सांगा."

एका खोट्यापायी इतकी वर्षं गेली आणि ते धुऊन काढायला सरकार आणखी एक खोटं मागत होतं, तेही तीन प्रतींत. काकांनी 'नजरचुकीने' असं लिहिलं. मग संगणकाची पाळी आली. शोधकाच्या रकान्यात काकूंचं नाव टाईप केलं की संगणक जुनी नोंद बघून ते पुसायचा आणि काकांचं नाव आपणच भरायचा. कारकुनाने बरेच प्रयत्न करून हात टेकले. अखेर जो अर्ज छापून आला त्याचा मथितार्थ असा होता, की शोधक काका नम्र विनंती करतात की शोधक काका नव्हेत. कारकून म्हणाला, साहेबांना समजेल. साहेबांना ते समजलं नाही म्हणून काकांना आणखी दोन फेऱ्या पडल्या.

पुरावा काय, अशी वरून विचारणा आली. मूळ नकाशा फायलीत होता आणि काकूंचा हात कुणीही ओळखला असता, म्हणूनच त्या वेळी काकूंनी तो मुद्दाम वेडावाकडा काढला होता, काकांसारखा. एका रेघेवर त्यांनी शाईचा डागही पाडला होता आणि काकांना म्हणाल्या होत्या, "हा खास तुमचा." आयुष्यात त्यांनी मुद्दाम वाकडं काढलेलं ते तेवढंच, आणि ते इतकं बेमालूम जमलं होतं की अधिकाऱ्यांनी शेरा मारला, नकाशा अर्जदार पतीच्याच हातचा दिसतो.

मग साक्षीदार. सेक्रेटरींनी पानभर निवेदन दिलं, पण ते काकांच्या थोर मनाबद्दल होतं आणि शेवटी सोसायटीचा शिक्का होता. प्लंबरला गाठलं तर तो म्हणाला, मी सांगतो की, काकांनीच मला हे काम शिकवलं. काका चाट पडले. फार पूर्वी एकदा प्लंबर मोरीत काम करत असताना काकांनी त्याच्यामागे उभं राहून टॉर्च धरला होता आणि तत्त्व समजावलं होतं, तेवढ्यावर प्लंबरची ही भक्ती होती. माणसाची कीर्ती एकदा झाली की तिला मारायला माणूस स्वतः पुरा पडत नाही.

राहिली एकच वाट. शोधक म्हणून जिचं नाव लावायचं, तिने स्वतः अधिकाऱ्यासमोर, कुणाच्या मदतीशिवाय, आपल्या तोंडाने सांगायचं. सुनावणीची वेळ दुपारची लागली. काका धावत गेले आणि कारकुनाला म्हणाले, दुपारी ती नसते हो. कारकुनाला आधी कळलं नाही. कळल्यावर त्याने कागदावरची वेळ खोडून सकाळची केली. हे काम नियमाने त्याचं नव्हतं.

घरी तालीम पुन्हा सुरू झाली. त्याच टेबलाशी, न्याहारीनंतर.

"हा वॉशर कुणी केला?" काका विचारत.

"मी. दुसरं कोण करणार? तुम्हाला अजून नट कुठला आणि बोल्ट कुठला ते कळत नाही."

"कशापासून केला?"

"गरम पाण्याच्या पिशवीपासून. तुमच्या पाठीसाठी आणलेली. तुम्ही तिच्यावर बसलात आणि ती फुटली."

काकांना हसू यायचं आणि त्याच्यामागोमाग रडूही. काकू सकाळी इतक्या लख्ख असायच्या की काका रोज उत्तर ऐकायचे, रोज पाठ थोपटायचे, आणि मनातल्या मनात तो कागद त्यांना वाचून दाखवायचे. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नाही. प्रश्न विचारणारे ते स्वतः होते, आणि त्यांना काकूंनी कधीच खोटं सांगितलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी काकू छान होत्या. बसमध्ये खिडकीशी बसल्या, कुठे चाललोय ते दोनदाच विचारलं. कार्यालयाच्या व्हरांड्यात थांबल्या, टपटप ऐकलं आणि म्हणाल्या, "वॉशर गेलाय. इतकी माणसं आहेत आणि कुणाला दिसत नाही का?" काकांना वाटलं, आता देव भेटला तरी काही मागायचं उरलं नाही.

सुनावणी घेणारी अधिकारी त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. काकांना मागे भिंतीशी बसवलं आणि सांगितलं, मधे बोलायचं नाही, नियम आहे. मग तिने फायलीतून वॉशरचा जुना नमुना काढून काकूंच्या पुढे धरला.

"काकू, हे काय आहे, ओळखता?"

काकूंनी तो तळहातावर घेतला, अंगठा कडेवरून फिरवला. "तुम्ही उलटा धरला होतात. ही कड पाण्याच्या बाजूला हवी. नाहीतर उपयोग काय?"

काकांचा जीव भांड्यात पडला. अधिकारी हसली, तिने काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "मग हा केला कुणी?"

काकूंनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावरची फाईल, शिक्के, भिंतीवरचं घड्याळ, समोरची अनोळखी बाई, तिच्या हातातलं पेन. मग वळून त्यांनी काकांकडे पाहिलं. ती नजर काका ओळखत होते आणि कितीतरी वर्षांत ती त्यांना दिसली नव्हती. काकूंनी वॉशर हलकेच टेबलावर ठेवला, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या,

"हे सगळं यांचं. मला त्यातलं काही कळत नाही."

अधिकारी बाईचं पेन थांबलं. "काकू, आत्ता तर तुम्ही मला कड कुठे ते सांगितलंत."

"यांच्याकडून ऐकून ऐकून."

अधिकारी खुर्ची पुढे ओढून बसली. चांगली मुलगी होती, मनापासून बोलली. "काकू, घाबरू नका. आता नवा कायदा आलाय. अर्जात तुमच्या कारखान्याचं नाव आहे, पण तो आता तुम्हाला काही करू शकत नाही. खरं सांगितलंत तर काही होणार नाही."

काका मागे बसल्या जागी गार पडले. अगदी हेच शब्द होते, त्यांचेच, स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडून बोललेले. तेव्हा त्यांनी आवाज मऊ केला होता, तसाच हा आवाज मऊ होता.

काकू गोड हसल्या. "तुम्ही कितीदा विचारलंत तरी मी तेच सांगणार."

काकांना राहवेना. ते उठले. "मॅडम, ती खोटं सांगतेय. माझ्यासाठी सांगतेय. मीच तिला शिकवलं होतं."

"काका, तुम्ही बसा. तुमचं बोलणं मला धरता येत नाही."

"यांचं मनावर घेऊ नका," काकू तिला म्हणाल्या, समजुतीच्या सुरात. "यांचा स्वभाव पहिल्यापासून भिडस्त. स्वतःचं श्रेय कधी घेणार नाहीत."

अधिकारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिने तिसऱ्यांदा विचारलं, वेगळ्या शब्दांत. उत्तर एका अक्षराने बदललं नाही. मग तिने लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद सहीसाठी काकूंपुढे सरकवला. काकूंनी सही केली, एकेक अक्षर सुटं, एका उंचीचं, छापल्यासारखं. अधिकारी बाईने ती सही पाहिली, फायलीतला तो डाग पडलेला वेडावाकडा नकाशा पाहिला आणि मान खाली घातली.

"मला दिसतंय, काका," ती हळूच म्हणाली. "पण मला दिसलं ते लिहिता येत नाही. सांगितलं तेच लिहावं लागतं."

व्हरांड्यात आल्यावर काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, काकांचा हात धरला आणि कानाशी आल्या.

"काही बोलले नाही मी."

"ऐकलं मी," काका म्हणाले.

"तीनदा विचारलं तिने. किती गोड बोलत होती."

"हो."

"तुम्ही मधेच उठलात कशाला? तुमचं तोंड लगेच सगळं सांगून टाकतं. बरं झालं मी खंबीर होते."

"फार बरं झालं," काका म्हणाले. बस येईपर्यंत काकू खुशीत होत्या. आपण काहीतरी मोठं निभावून नेलं आहे एवढं त्यांना कळत होतं. घरी पोचेपर्यंत कुठे गेलो होतो ते त्या विसरल्या. खुशी मात्र संध्याकाळपर्यंत टिकली.

निकाल आला. अर्ज फेटाळला होता आणि मूळ नोंद कायम ठेवली होती. वर कुणीतरी पेनाने 'क्षमस्व' असं लिहिलं होतं. ते नियमात बसत नसावं. सेक्रेटरींनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "बघा, आम्ही सांगत नव्हतो? सरकारनेही शिक्कामोर्तब केलं. आता तरी विनय पुरे." वकीलसाहेबांनी तुरुंग टळला म्हणून अभिनंदन केलं. काकांनी सगळ्यांना चहा दिला. वर्ष संपलं आणि त्या कलमाची मुदतही संपली.

नंतर कितीतरी दिवस काका भेटेल त्याला खरं सांगत राहिले. पण काकूंच्या कानावर पडलं की त्या घाबऱ्याघुबऱ्या होत, दार लावून घेत, कोण होतं ते, कारखान्याचं होतं का, असं विचारत. त्यांची रात्र वाईट जाई. म्हणून काकांनी सांगणं सोडलं. आता कुणी जिन्यात "काय शोधकाका" म्हटलं की ते मान डोलावतात आणि मागे काकू असल्या तर जरा जास्तच डोलावतात.

आता काकूंच्या सकाळीही पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. मुलीचं नाव जातं, काकांचंही कधीकधी जातं. पण दिवेलागणीला त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसतात, समोरची खुर्ची दाखवतात आणि काका बसले की आवाज खाली आणून विचारतात, "कुणी विचारायला आलं होतं?"

"नाही."

"आलं तर काय सांगायचं, लक्षात आहे ना?"

"आहे."

"म्हणा बघू."

काका हात टेबलावर ठेवतात, त्यांच्या डोळ्यांत बघतात आणि सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे न करता म्हणतात, "हे सगळं माझं. हिला त्यातलं काही कळत नाही."

काकू समाधानाने मान हलवतात आणि म्हणतात, "अस्सं."